समुद्राची मर्यादा आणि सूर्याची साक्ष

सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस ख्रिस्तसभेत सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनादिन पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली तो सुरू केला. गेल्या वर्षी त्या निमित्ताने रविवारच्या सकाळच्या मिस्सात आम्ही प्रवचन केले. योबाच्या पुस्तकात परमेश्वर समुद्राला दारे आणि अडसर लावतो, त्याच्या लाटांना मर्यादा घालून देतो, तो उतारा आम्ही निवडला होता. विषय आवडीचा, समोर बसलेली माणसे किनाऱ्यावरची. बोलता बोलता आमचा आवाज चढला. देवाने घालून दिलेली मर्यादा समुद्राने जगाच्या आरंभापासून कधी ओलांडली नव्हती, ती माणसाने त्याला ओलांडायला लावली, असे आम्ही म्हणालो. त्याच भरात, जमिनीच्या पोटातून तेल उपसणाऱ्यांच्या पैशाला पापाचा वास येतो, असेही एक वाक्य बोलून गेलो. ते वाक्य आमच्या कागदावर लिहिलेले नव्हते.

मिस्सा आटोपून सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असताना धर्मग्रामातील एक वयोवृद्ध शिक्षक आत आले. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, आम्हीही म्हणतो. विज्ञान हा त्यांचा विषय. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत.

"फादर, दोन गोष्टी सांगायच्या आहेत," ते म्हणाले. "पहिली ही की, समुद्राविषयी तुम्ही जे बोललात ते खरे नाही. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपला किनारा इथून कितीतरी पश्चिमेला होता. तेव्हा गाड्या नव्हत्या, कारखाने नव्हते. हे सगळे सूर्य करतो. काल तोच करीत होता, आजही तोच करतो आहे."

"आणि दुसरी गोष्ट, सर?"

ते थोडे थांबले. "आमचा मुलगा बावीस वर्षे मस्कतला तेलाच्या कंपनीत आहे. त्याच्या पैशाने आमच्या घरावर स्लॅब पडला. या चर्चच्या छपराच्या दुरुस्तीतही त्याचा पैसा आहे. त्या पैशाला वास येत असेल, तर तो या छपरालाही येत असणार."

एवढे बोलून ते निघून गेले. पुढच्या रविवारी त्यांचे नेहमीचे बाक रिकामे होते, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही.

आम्ही धर्मगुरू निवासात जाऊन 'लाऊदातो सी' हे परिपत्रक पुन्हा उघडले. प्रवचनाची तयारी आम्ही त्यावरूनच केली होती. तेविसाव्या परिच्छेदावर येऊन आम्ही ओशाळलो. हवामानबदलाला ज्वालामुखी, पृथ्वीच्या कक्षेतले व अक्षातले फरक आणि सूर्याचे चक्र ही कारणेही असतात, हे तिथे स्वच्छ मान्य केलेले आहे. त्यानंतरच अलीकडच्या दशकांतील तापमानवाढीचे मुख्य कारण मानवी व्यवहार असल्याचे सांगितले आहे. पोपमहोदयांनी जे आधी कबूल केले, तेच आम्ही गाळले होते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. विज्ञानाशी आमची सोबत बारावीलाच संपली. परंतु अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. पुढचे काही महिने सवड मिळेल तेव्हा आम्ही सूर्य आणि समुद्र यांच्याविषयी वाचीत राहिलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

समुद्राचे प्राचीन तापमान मोजणारा त्या काळी कोणी नव्हता. तरी समुद्राने स्वतःच त्याची नोंद ठेवली आहे. फोरॅमिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे जीव पाण्यात राहतात आणि चुन्याचे कवच धारण करतात. ते मेले की कवचे तळाशी जाऊन थरावर थर साचतात. त्या चुन्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे दोन प्रकार असतात. पाणी जितके थंड, तितका जड ऑक्सिजन कवचात अधिक. शिवाय हिमयुगात हलक्या ऑक्सिजनचे पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते, म्हणून समुद्रात उरलेले पाणी अधिक जड होते आणि त्याचीही खूण कवचावर उमटते. या गुणधर्मावरून जुने तापमान मोजता येईल, ही कल्पना अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ साली मांडली. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली समुद्रतळाच्या गाळावर ती लावून हिमयुगांचे चढउतार दाखविले.

सरांच्या म्हणण्याला सर्वांत मोठा पुरावा आपल्याच महासागरातून आला. जेम्स हेज, जॉन इंब्री आणि निकोलस शॅकल्टन या तिघांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील गाळाचे दोन नमुने तपासून १९७६ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. साडेचार लाख वर्षांच्या त्या नोंदीत समुद्राच्या थंडउष्णतेची सुमारे एक लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांची आवर्तने दिसत होती. नेमकी ही आवर्तने पृथ्वीची कक्षा, तिच्या अक्षाचा कल आणि अक्षाचे डोलणे यांची आहेत. सर्बियाचे मिलुटिन मिलान्कोविच यांनी त्यांचे गणित कित्येक दशके आधीच मांडले होते. पहिल्या महायुद्धात त्यांना कैद झाली आणि नंतर बुडापेस्टमध्ये नजरेखाली राहावे लागले. तिथल्या ग्रंथालयात बसून त्यांनी ही आकडेमोड पुढे नेली. ते १९५८ साली वारले. समुद्राच्या तळाने त्यांना खरे ठरविले ते त्यानंतर अठरा वर्षांनी.

हे डोलणे आपल्या उपासनावर्षावरून समजून घेता येईल. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, तीन राजांच्या सणाच्या सुमारास. तेव्हा अंतर असते सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. सर्वांत दूर जाते ती जुलैच्या आरंभी, प्रेषित संत थॉमसच्या सणाच्या सुमारास. तेव्हा अंतर असते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी हे उलट होते. पृथ्वी सूर्याच्या जवळ असे ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात. त्यामुळे त्या उन्हाळ्यात इकडे आजच्यापेक्षा सुमारे सात ते आठ टक्के अधिक ऊन मिळे. आशियाची भूमी अधिक तापे, मोसमी वारे अधिक जोराने वाहत, आणि आज वाळवंट असलेल्या अरबस्तानातही तळी भरत.

मस्कतचा मुलगा मनात होता म्हणून की काय, ओमानविषयीचे दोन शोध आम्ही अधिक लक्षपूर्वक वाचले. उत्तर ओमानमध्ये होती नावाची गुहा आहे. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना जमिनीवर साचून तिथे स्तंभ तयार झाले आहेत आणि त्यांच्या थरांत पावसाची नोंद आहे. सुमारे नऊ ते सहा हजार वर्षांपूर्वीच्या एका स्तंभातील पावसाचे चढउतार सूर्याच्या तेजातील चढउतारांशी जुळतात, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दुसरा अभ्यास ओमानच्या किनाऱ्याजवळील अरबी समुद्राच्या गाळाचा. खरगपूरच्या आय. आय. टी.चे अनिल गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. नैर्ऋत्येचे वारे जोरात वाहिले की त्या किनाऱ्यावर तळचे थंड पाणी वर येते आणि थंड पाण्यात वाढणाऱ्या एका जातीच्या फोरॅमिनिफेराची कवचे गाळात वाढतात. ती कवचे मोजून त्यांनी गेल्या अकरा हजार वर्षांतील पावसाळ्याचा जोर अजमावला. सूर्य मंदावला की मोसमी वारेही मंदावल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. म्हणजे सूर्य प्रखर झाला की त्या किनाऱ्यावरचे पाणी उलट थंड होते! सृष्टीचा कारभार आमच्या प्रवचनाइतका सरधोपट नाही, हे आम्हांला कळू लागले.

परंतु सूर्य स्वतः बदलतो का? या प्रश्नाच्या इतिहासात एका धर्मगुरूचे नाव येते. येशूसंघीय क्रिस्तोफ शायनर यांनी मार्च १६११मध्ये बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे चर्चच्या मनोऱ्यावरून, एका विद्यार्थ्यासह, दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग पाहिले. त्याच सुमारास इतरांनाही ते दिसले होते. सूर्य निष्कलंक असलाच पाहिजे, या जुन्या शिकवणुकीमुळे शायनर म्हणाले की, हे डाग नव्हेत, सूर्याभोवती फिरणारे लहान ग्रह आहेत. वरिष्ठांच्या सावधगिरीमुळे हे त्यांनी टोपणनावाने छापले. गॅलिलिओने त्यांना खोडून काढले. शायनर पुढे वर्षानुवर्षे डाग रेखाटीत राहिले, आणि १६३० साली पूर्ण झालेल्या 'रोझा उर्सिना' या आपल्या प्रचंड ग्रंथात डाग सूर्यावरच आहेत हे त्यांनी मान्य केले. स्वभावाने ते काही फार नम्र नव्हते. त्याच ग्रंथात गॅलिलिओवर कडक टीका आहे. तरीही जे डोळ्यांनी दिसले त्यापुढे आपले पहिले मत त्यांनी सोडले. प्रवचनपीठावर चुकलेल्या आमच्यासारख्यास या जुन्या बंधूचा मोठा आधार वाटला.

डाग दर अकरा वर्षांच्या सुमारास वाढतात आणि ओसरतात, याची पहिली चाहूल जर्मनीतील हाइनरिश श्वाबे या औषध विक्रेत्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लागली. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत मात्र डाग जवळजवळ नाहीसेच झाले होते. एडवर्ड माँडर यांच्या नावाने तो काळ ओळखला जातो. युरोपात तेव्हा कडाक्याची थंडी होती. १६८३-८४च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरली. सूर्याकडे बोट दाखविणाऱ्यांचा हा आवडता दाखला. पण तो पूर्ण सांगायला हवा. ते शीतपर्व सूर्य मंदावण्याच्या आधीच सुरू झाले होते आणि नंतरही चालू राहिले. त्यात ज्वालामुखींचाही हात होता. एकट्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ सालच्या स्फोटाने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच हिरावून घेतला. आणि थेम्स गोठण्यास लंडनच्या जुन्या पुलाच्या अरुंद कमानीही कारण होत्या.

समुद्राची स्वतःची लहरही असते. पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला बाळ येशूचे नाव दिले. 'एल निन्यो' म्हणतात ते हेच. दर दोन ते सात वर्षांनी प्रशांत महासागर असा तापतो आणि अनेकदा आपला पाऊस रोडावतो. २०१५ साली देशात पाऊस सरासरीपेक्षा १४ टक्के कमी झाला, त्या वर्षी एल निन्यो होता. तेव्हा निसर्गतः हवामान बदलत नाही, असे कोणी म्हणू नये. आम्ही म्हणालो होतो. ते चूक होते.

मग सरांचे म्हणणे पूर्ण खरे मानायचे का? इथे त्यांच्याच साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. १९७८ सालापासून उपग्रह सूर्याचे तेज मोजीत आहेत. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट एवढे ते तेज असते आणि अकरा वर्षांच्या चक्रात ते सुमारे एक वॅटने, म्हणजे जेमतेम हजारात एका भागाने, खालीवर होते. त्याचा पृथ्वीच्या सरासरी तापमानावर परिणाम होतो तो एका अंशाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. एवढ्या वर्षांत हे तेज वाढत गेलेले नाही. २००८ ते २०१९ हे सौरचक्र तर सुमारे शंभर वर्षांतले सर्वांत दुबळे होते. तरीही पृथ्वी तापतच राहिली. २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंशाने अधिक होते. नोंदी ठेवू लागल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले ते २०२४. या वाढीव उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राच्या पोटात गेली आहे. आणखी एक खूण आहे. सूर्यामुळे तापमान वाढले असते तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. पांघरुण जाड झाले की नेमके असेच व्हावे. ते पांघरुण आहे कोळसा, तेल आणि वायू यांच्या ज्वलनातून साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचे.

हिमयुगांची साक्षही शेवटी इकडेच वळते. पृथ्वीच्या डोलण्याने उन्हाच्या वाटपात जो फरक पडतो, तेवढ्याने हिमयुग येत नाही आणि जात नाही. ऊन सुरुवात करते. बर्फाचा विस्तार आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ती पुढे नेतात. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून आठ लाख वर्षांचा हिशोब मिळाला आहे. त्या सगळ्या काळात हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे १८० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिला. आज तो ४२०च्या वर आहे. सूर्याच्या लहानशा फेरफाराने समुद्र जर १२० मीटर खालीवर होऊ शकतो, तर तो किती हळवा आहे, हेच सिद्ध होते. समुद्र पूर्वीही बदलला, म्हणून आम्ही निर्दोष, असा अर्थ त्यातून निघत नाही.

योबाच्या त्या उताऱ्याचा अर्थ त्यानंतर आम्हांला नव्याने लागला. समुद्राची मर्यादा म्हणजे वाळूत ओढलेली रेघ नव्हे. ती रेघ अनेकदा सरकली आहे. मर्यादा म्हणजे नियम. जितकी उष्णता तितका प्रसार, जितके बर्फ तितकी ओहोटी, हा नियम समुद्राने कधी मोडलेला नाही. तो सूर्याच्या बाबतीत पाळला आणि आता आमच्या धुराच्या बाबतीतही पाळतो आहे. आज्ञाभंग समुद्राकडून झालेलाच नाही.

एवढे समजल्यावर एके संध्याकाळी आम्ही सरांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुढे केली. बाईंनी चहा टाकला. समुद्राविषयी आपण चुकीचे बोललो आणि मुलाविषयी बोललो ते तर क्षमा मागण्याजोगे आहे, असे आम्ही सांगितले. नंतर उपग्रहांचे आकडे सांगायला लागलो, तेव्हा सरांनी हात वर केला.

"फादर, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कार्बन डायऑक्साइडचा धडा मी तीस वर्षे वर्गात शिकवला. सूर्याचे मी बोललो, कारण त्या दिवशी मला कोणाचे तरी नाव घ्यायचे होते. मुलाचे नाव मी घेऊ शकत नव्हतो."

बाई आत कप विसळीत होत्या, त्यांचा आवाज थांबला. आम्ही काही बोललो नाही. एदेनबागेतील पहिल्या पापानंतर आदामाने हव्वेकडे बोट दाखविले, हव्वेने सर्पाकडे. सरांनी सूर्याकडे दाखविले. पण पहिले बोट दाखविले होते आम्हीच, मस्कतच्या त्या मुलाकडे. आणि तेही त्याच्याच पैशाने दुरुस्त झालेल्या छपराखाली, दिव्यांच्या लखलखाटात उभे राहून. तेल काढणारा एकटा असत नाही. ते जाळणारे आम्ही सारे आहोत. आमची मोटारसायकल त्याच तेलावर चालते. सणाच्या रोषणाईची वीजही बव्हंशी कोळशावरचीच असते.

निघताना सर दारापर्यंत आले. "सूर्याला मी साक्षीदार केले होते," ते हसून म्हणाले, "तो काही आपल्या बाजूने बोलला नाही. आता छपरावर त्याला कामाला लावता येईल का, ते पाहू."

पुढच्या रविवारी आम्ही प्रवचनपीठावरून आपली चूक सांगितली. अर्धी समुद्राविषयीची आणि अर्धी माणसांविषयीची. कोणाचेही नाव घेतले नाही. सर आपल्या नेहमीच्या बाकावर होते. पुढे प्रभूची प्रार्थना म्हणण्याची वेळ आली. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली ती प्रार्थना. तरी येशूने शिष्यांना क्षमा एकवचनात मागायला शिकविले नाही, अनेकवचनात शिकविले, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले. त्या 'आम्हां'मध्ये सर होते, त्यांचा मुलगा होता, आणि वेदीजवळ उभे असलेले आम्हीही होतो. सूर्य तेवढा त्यात नव्हता.